वीज देणारी मोटर

मोटर उघडण्याआधी वायंडिंगकाका तिच्यावर तळहात ठेवत आणि विचारत, "का झालं वं बाई तुले?" जळालेल्या मोटरींना नवी तांब्याची तार भरून द्यायचं त्यांचं दुकान आंधळगावात आमच्या घराला लागूनच होतं. मोटरीचा नुसता वास घेऊन दुखणं सांगणारा हा माणूस घरात मात्र स्वतःचा चष्मा शोधत फिरे.

त्यांच्या शेताजवळ तलावाचं जादा पाणी उंचावरून पडायचं. ते फुकट गेलेलं काकांना बघवत नसे. त्यांनी तिथे लोखंडी चाक बसवलं, पट्ट्याने पंपाची जुनी मोटर जोडली, तिला कंडेन्सर लावले आणि एका सकाळी गावाला बोलावलं. मी नुकतीच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पास झाले होते, शहाणपण उतू चाललं होतं. चारचौघांत म्हणाले, "काका, मोटर वीज खाते, देत नाही!"

"खाते ना बाई. पन तिच्या चालीपरीस जराक जोरानं फिरवली, तं वापस बी देते. कंडेन्सरचा आधार भेटला पायजे फक्त."

आणि खरंच, एकेक करत दिवे लागले. मी चांगलीच ओशाळले. दिव्यांचं काय मोठं, म्हणत, काका पट्टा बघायला वाकलेले असताना मी कडबा कापायच्या मशीनचा खटका दाबला. ती त्यांनी सगळ्यात शेवटी लावायची म्हणून ठेवली होती. क्षणात सगळं विझलं. चाक फिरत होतं, पण वीज येईना.

"खांबावर आकडा टाकला असन बुढ्यानं! तोच निसटला," कुणीतरी ओरडलं. लोक हसले. उभ्या जन्मात चोरीची वीज न वापरलेल्या काकांचा चेहरा उतरला. मान वर करताच माझा खटक्यावरचा हात त्यांनी पाहिला होता. ते एवढंच म्हणाले, "माहीच चूक झाली. एकदम वजन टाकलं, भुलली ते."

एकदम ओझं आलं की अशी मोटर वीज तर सोडतेच, वीज सुरू व्हायला लागणारं, अंगात उरलेलं चिमूटभर चुंबकत्वही गमावून बसते. काकांनी मशीनचा खटका बंद केला, मोटर थांबवली, ते चुंबकत्व परत यावं म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा क्षणभर तिला लावल्या आणि पुन्हा चाकावर पाणी सोडलं. दिवे आले. मी मात्र तोंड उघडलं नाही.

पुढे मी पवनचक्क्यांवर नोकरीला लागले. तिथेही वर त्याच जातीची मोटर होती. तिला वारा फिरवायचा आणि कंडेन्सरऐवजी मोठ्या लाइनचा आधार असायचा. काका मला रोज आठवत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "त्यायच्या मागं ते मोटर चालूच नाई झाली वं." मी बॅटरी मागवली, तारा लावून काढल्या, पाणी सोडलं. दिवा लागला. मग दिवा बघायला जमलेल्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "त्या दिवशी खटका मी दाबला होता."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "मले त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं. म्हने, पोरगी आत्ताच शिकून आली हाय, तिच्या नावावर कायले टाकू?"