मणक्यातलं पाणी

सकाळी सुनेने माझ्या खरचटलेल्या कोपराला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी मला नाशिकमधला तो थंडगार दवाखाना आठवला. वीसेक वर्षं झाली असतील. फुलबाजारात मी गिऱ्हाइकाला हार द्यायचे आणि पुन्हा त्याच्याचसाठी दुसरा बांधायला घ्यायचे, म्हणून मुलगा मला तिथे घेऊन गेला. मी तर अतिशहाणी! आधी जाऊन आलेल्या नणंदेकडून डॉक्टर लक्षात ठेवायला सांगतात ते शब्द घोकूनच गेले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणून टाकलं, "कमळ, चावी, बैल!" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मग मणक्यातलं पाणीच काढून तपासू. ते काही पाठ करून येत नाही. हा विसराळूपणा पुढे वाढत जाणार का, याचा त्यावरून अंदाज येतो." मी विचारलं, "आणि वाढणार असेल, तर थांबवायचं औषध?" "तसं अजून नाही." मुलगा म्हणाला, "आई, निदान तुझं बाजारात बसणं तरी वेळेत बंद करू." झालं! मी तपासणीच्या टेबलावरून उतरले आणि चपला घातल्या. "माझं पाणी माझ्याजवळच राहू द्या. उद्या झेंडूच्या पाट्या यायच्यात." आता नातवंडांच्या नावांची अदलाबदल होते माझ्याकडून. होऊ दे. मधली सगळी वर्षं मी त्या आजाराची वाट बघत घरात बसले नाही, बाजारात बसून फुलं विकली.