आतोबांचा फिल्टर

आमच्या गावात पाण्याचा विचार आतोबांइतका कुणी केला नाही, आणि आमच्या गावाचे नळ कोरडे पडायला आतोबांइतकं जबाबदार माणूसही दुसरं सापडायचं नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. स्टँडरोडला त्यांचं सायकलींचं पत्र्याचं दुकान होतं आणि त्याहून मोठा उद्योग म्हणजे नगरपालिकेच्या पाणीपुरवठा समितीचं अध्यक्षपद. गावाचं नाव मी सांगत नाही. लातूर आणि नांदेडच्या मधे कुठंतरी ते आहे एवढं पुरे. ज्याच्या नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येतं त्यानं खुशाल आपल्या गावाचं नाव घालून वाचावं.

लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपाआधी हा माणूस चारचौघांसारखा होता असं आत्या सांगते. लग्नाच्या बायकोला असं काहीतरी सांगावंच लागतं म्हणून मी ते मनावर घेत नाही. भूकंपात आमच्या गावाचं तसं फार पडलं नाही. काही भिंतींना तडे गेले, शाळेची कमान एका अंगाला कलली, आणि आतोबांचा छपरावरचा विश्वास मात्र मुळासकट कोसळला. त्या दिवसापासून त्यांनी स्लॅबखाली पाऊल म्हणून टाकलं नाही. अंगणात बांबूंवर ताडपत्री ताणून त्यांनी पलंग मांडला, बांबूला आरसा टांगला, पंचांग टांगलं, रेडिओ टांगला आणि संसार सुरू केला. जेवणाचं ताट आत्या उंबऱ्यातून पुढं सरकवायची. कुणाच्या लग्नाला गेले तर ते मंगल कार्यालयाच्या फाटकात उभे राहून अक्षता फेकत, आणि त्या सगळ्या चपला सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर पडत. पलंगाशेजारी स्टुलावर काठोकाठ भरलेला पितळी लोटा असे. पाणी हललं की भूकंप. म्हणजे आत्यानं पाट्यावर वरवंटा फिरवला तरी भूकंप, आणि रस्त्यानं उसाचा ट्रक गेला तरी भूकंप. "लोटा हलला! बाहीर या समदे!" अशी त्यांची आरोळी आली की पहिले काही महिने सगळं घर धावत अंगणात यायचं. पुढं पुढं आत्या भाकरी थापता थापता आतूनच विचारायची, "आवो, एसटी गेली का ट्रक?"

अशा माणसाच्या हातात गावाच्या नव्या जलशुद्धीकरण केंद्राचं नियोजन आलं. एवढा लांब शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. सगळे 'फिल्टर' म्हणतात. जुना फिल्टर निजामाच्या अमलातला होता, आणि तो पाण्यातून काही काढून घेतो की पाण्यात आणखी काही घालतो याबद्दल गावात दोन मतं होती. पावसाळ्यात नळाला थेट चहाच यायचा, साखर तेवढी घरची. म्हणून सरकारनं नवा फिल्टर मंजूर केला, खात्यानं एक इंजिनियर धाडले आणि समितीच्या बैठका सुरू झाल्या. मी तेव्हा नगरपालिकेत कारकून होतो. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असल्यानं पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बैठका सभागृहात होणं शक्यच नव्हतं, कारण सभागृहाला स्लॅब होता. त्या नगरपालिकेच्या आवारातल्या कडुलिंबाखाली होत. मागच्या बाजूला कोंडवाडा, समोर मुतारी, आणि मधे टेबलावर नकाशे पसरून उभे राहिलेले वाघमारे साहेब. हे बिलोलीकडचे, मोठे शांत गृहस्थ. धरणाचं पाणी आधी कुठं येणार, तुरटी कुठं पडणार, गाळ कुठल्या हौदात बसणार, वाळूच्या थरांतून ते खाली कसं झिरपणार, हे ते शाळेत शिकवावं तसं सांगायचे. आतोबा डोळे मिटून ऐकत. ते झोपलेत असं वाटत असतानाच त्यांनी पहिल्या बैठकीत विचारलं, "साहेब, हे समदं कितीजणासाठी?"

"पुढच्या तीस वर्षांचा विचार करून आखलंय. तेव्हा जी लोकसंख्या असेल, ती धरून. आजच्यापेक्षा दुपटीच्या वर जाईल."

"कशावरून?"

"मागच्या शिरगणत्या बघून सूत्र मांडतात. गाव वाढतच असतं."

आतोबांनी डोळे उघडले. "तुमच्या सूत्रात जल्मणारी माणसं हायती साहेब. पळून जाणारी कुठं धरली?"

असा प्रश्न वाघमारे साहेबांना कॉलेजात कुणी विचारलेला नव्हता. आतोबांपाशी मात्र पुरावा होता. भूकंपानंतर भेदरलेली कितीतरी कुटुंबं नांदेडला, हदगावला, कुठं कुठं नातेवाइकांकडे निघून गेली होती. आतोबा रोज संध्याकाळी सायकल घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि बंद घरांची कुलपं मोजत. बैठकीची सुरुवात ते गणपतीच्या नावाऐवजी कुलपांनी करायचे. "काल गवळीगल्लीत अजून एक लागलं." पळालेली माणसं हळूहळू परत येत होती, कुलपं निघत होती. पण निघालेलं कुलूप आतोबा मोजत नसत. त्यांच्या हिशेबात कुलूप एकदा लागलं की लागलं. एकदा मीच न राहवून म्हणालो, "आतोबा, जोश्यांचं घर परवाच उघडलं की." त्यावर ते म्हणाले, "सामान न्यायला आले असतील."

याच सुमारास ती म्हशीची भानगड झाली. नकाशे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वाघमारे साहेब त्यांवर विटांचे तुकडे ठेवत. एका बैठकीत आतोबांनी मुद्दा पटवताना टेबलावर मूठ आपटली, वीट घसरली आणि एक मोठा कागद उडून थेट कोंडवाड्यात गेला. तिथं दंड भरायला मालक न आल्यामुळं कितीतरी दिवस अडकून पडलेली एक म्हैस होती. नगरपालिकेच्या वैरणीवर जगत असल्यानं तिला कागदही गोड लागला असावा. शिपाई धावत पोचेपर्यंत तिनं बराचसा संपवला होता. साहेबांनी उरलेला तुकडा उलगडून पाहिला. त्यावर नुसती 'भविष्यातील विस्तार' एवढी अक्षरं राहिली होती.

"बघा," आतोबा म्हणाले, "जनावराला बी कळून राहिलं, हे लागणार न्हाई."

सगळी समिती हसली. वाघमारे साहेबही हसले, पण त्यांनी नकाशांची गुंडाळी करून काखेत घेतली ती त्या दिवशी पुन्हा काही उलगडली नाही.

शेवटी फिल्टर निम्म्यावर आला. तो काही आतोबांच्या एकट्याच्या वक्तृत्वानं आला असं नाही. निम्मा फिल्टर म्हणजे नगरपालिकेचा वाटाही निम्मा, आणि वाचलेल्या पैशात स्टँडसमोर स्वागतकमान होते, हे सदस्यांच्या एकदम ध्यानात आलं. गाव रिकामं होणार, आणि जे कुणी उरतील त्यांनी कमानीखालून यावं-जावं, असा तो एकूण ठराव होता. आमच्या सभागृहात कधी नव्हे ते एकमत झालं. निघताना वाघमारे साहेब आतोबांना एवढंच म्हणाले, "शेटजी, हौद एकदा बांधला की मागाहून ओढून मोठा करता येत नाही." आतोबांनी त्यांना चहा पाजला आणि गाडीपर्यंत सोडलं. उद्घाटनाला मंत्री आले. मंत्र्यांनी पंपघरात फीत कापली, आणि अध्यक्षांचा हार पंपघराबाहेर बाभळीखाली उभ्या असलेल्या आतोबांपर्यंत पोचवावा लागला.

आणि मग आमच्या गावावर पोरं आली. लातूरच्या शिकवण्या भरल्या, नांदेडच्या भरल्या, तिथं ज्यांना जागा मिळाली नाही ती सगळी डॉक्टर-इंजिनियर व्हायला आमच्याकडे वळली. जळकोटहून, हदगावहून, खेड्यापाड्यांतून बाप पोराचा हात धरून आणि ट्रंक डोक्यावर घेऊन स्टँडवर उतरू लागले, आणि त्या कमानीखालूनच आत येऊ लागले. जिथं म्हणून पत्रा होता तिथं क्लास निघाला. तेलाच्या घाण्यात भौतिकशास्त्र आलं, पिठाच्या गिरणीच्या माडीवर जीवशास्त्र आलं. ज्या घरांची कुलपं आतोबांनी मोजली होती, त्या घरांत एकेका खोलीत पाच-पाच पोरं राहू लागली. आतोबांचा धंदा असा फुगला की सायकली दुकानाबाहेर फुटपाथवर आल्या. पण मानतील तर ते आतोबा कसले! "पाहुणी हायती," ते गिऱ्हाइकाची सीट वरखाली करत म्हणत. "या साली आली. पुढच्या साली कोण येतंय?" पुढच्या साली त्याच्या दुप्पट आली. "हां, यंदा आलीत. पण आता बास." एका माणसाला त्याच्या तीन पोरांसाठी ओळीनं तीन वर्षं तीन सायकली विकूनही त्यांचं मत बदललं नाही.

आत्यानं मात्र नवऱ्याशी वाद न घालता मागच्या मोकळ्या जागेत मुलींसाठी खोल्या बांधल्या. आतोबा अंगणात, पाहुण्या स्लॅबखाली, अशी व्यवस्था झाली. फिल्टर बापडा त्याच्या ऐपतीप्रमाणं पाणी देत होता. आधी नळ दिवसाआड झाला, मग चार दिवसांनी, मग आठवड्याला. गावानं फिल्टरचं नाव 'शेटचा लोटा' ठेवलं. उन्हाळ्यात टँकर आला की त्या मुली पुस्तकं टाकून बादल्या घेऊन पळत, आणि ताडपत्रीखाली बसलेल्या आतोबांना त्यांच्यातलीच कुणीतरी विचारी, "आजोबा, ह्या गावाचा फिल्टर एवढा बारका कुणी बांधला हो?" आतोबा रेडिओचा आवाज वाढवत. पुढच्या निवडणुकीत गावानं त्यांना घरी, म्हणजे अंगणात, बसवलं. हरल्याचं त्यांनी काही वाटून घेतलं नाही. पण त्यानंतर टँकर गल्लीत शिरला की ते उठून दुकानाकडे निघून जात. आत्यानं एकदा मला हळूच सांगितलं, "दाखवत न्हाईत. पण त्या पोरी तहानल्या राहिल्या की हे बी पाणी पीत न्हाईत."

खूप वर्षांनी दुसऱ्या, मोठ्या फिल्टरची योजना आली आणि नागरिकांच्या सूचना ऐकायला शाळेच्या मैदानावर मांडव घातला. मांडवाला स्लॅब नसतो, त्यामुळं आतोबा पुढच्या रांगेत बसू शकले. या वेळी इंजिनियर एक तरुण बाई होत्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या दाखवली. कुणी म्हणालं जास्त आहे, कुणी म्हणालं कमी आहे, एक माजी सदस्य स्वागतकमानीची डागडुजी यात बसेल का ते विचारून गेले. मग आतोबा उठले. मांडवात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "शेट, म्हैस आणू का?"

आतोबांनी हशा ओसरू दिला. "बाईसाहेब, मागचा आकडा माझा होता. चुकला."

बाईंना हे गृहस्थ कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी अदबीनं विचारलं, "कशामुळं चुकला, काका?"

"भूकंपात मी टँकर घेऊन गेलतो, समदं पडलं तिकडं. आपलाच, नगरपालिकेचा. रज्जाकभाई चालवायला. पाणी लागंल म्हणून गळ्यापर्यंत भरून नेला." ते सांगत होते. "एका वाडीत गल्लीच्या तोंडाला उभा केला. रज्जाकभाईनं हॉर्न मारला. टँकरचा हॉर्न आयकला की बाया कशा पळत येतात, बघितलंच की तुम्ही. कुणी आलं न्हाई. वाचलेले दुसरीकडं नेलते म्हणं, आम्हाला म्हाईत न्हवतं. घागरी दिसत हुत्या मातीत. रज्जाकभाई हॉर्न मारतच राहिला, मारतच राहिला. मग मीच म्हणलं, बास कर. भरलेला टँकर भरलेलाच परत आणला बघा."

ही गोष्ट मी तोपर्यंत कधी ऐकली नव्हती. बायकांच्या रांगेत बसलेल्या आत्याकडे पाहिलं, तर तिनंही ऐकली नसावी.

"तवापासून मला वाटायचं, पाणी ऱ्हातं, माणसं ऱ्हात न्हाईत," आतोबा म्हणाले. "पण ऱ्हायली की. लई आली. तवा तुम्ही मोठं बांधा." आणि ते खाली बसले. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. बाईंनी "बरं, काका" म्हटलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

हल्ली नव्या फिल्टरचं खोदकाम चालू आहे. आतोबा छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन रोज सकाळी तिथं जाऊन बसतात आणि ठेकेदाराच्या माणसांना सुचतील तेवढ्या सूचना करतात. परवा मी त्यांना घरी न्यायला गेलो होतो. गाळ बसवायच्या हौदाचा खड्डा एवढा मोठा झाला होता की पलीकडच्या काठावरची माणसं बोटाएवढी दिसत होती. आतोबा खाली बघत होते.

"लई मोठं तर न्हाई ना होऊन राहिलं रे?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आतोबा. बरोबर आहे."

"भरंल का पण?"

मी त्यांना सांगू लागलो की धरणातून नवी पाइपलाइन येतेय, पाण्याची काळजी नाही. त्यांनी मान हलवली.

"पाण्याचं न्हाई इचारलं मी," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी मातीच्या ढिगावर बसलो. त्यांनी छत्री थोडी माझ्याकडे कलती केली, आणि आम्ही दोघं काम बघत बसलो.