अर्थमंत्र्यांच्या घरचं कॉफीचं पोतं

आमचा अण्णा अर्थमंत्री झाला आणि बसवनगुडीतल्या आमच्या घराला आनंदानं खूळच लागलं. परवापर्यंत तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होता, आणि शिकवताना मुलांचा हमखास डोळा लागायचा. मी त्याची धाकटी बहीण. माझे तर पाय जमिनीला टेकेनात. दर शनिवारी मी आणि वहिनी सिनेमाला जायचो, तिथेही आता आम्ही मान ताठ करून बसू लागलो.

दारात सकाळपासून हार घेऊन माणसं उभी. आमच्याकडे आलेला माणूस कॉफी घेतल्याशिवाय जात नसे, मग तो पत्ता चुकून का आलेला असेना. वहिनीला फिल्टर खाली ठेवायला सवड मिळेना. शेवटी तिनं कॉफीच्या बियांचं पोतंच मागवलं.

पोतं टांग्यातून उतरलं तेव्हा अंदाजपत्रक तोंडावर आलं होतं. समोरच्या अक्कांनी विचारलं, "अख्खं पोतं गं? काय विशेष?" घरात कराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं अण्णानं बजावलेलं. म्हणून वहिनी नुसती हसली.

त्या हसण्यानं घात केला. कॉफीवर कर येणार, असं संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला ठाऊक झालं. दुसऱ्या दिवशी दुकानांत कॉफीपूड औषधालाही मिळेना.

अण्णाचा चेहरा खर्रकन उतरला. अंदाजपत्रक घरातून फुटलं अशी ओरड झाली असती, तर त्याला राजीनामा द्यावा लागला असता. कर नाही म्हणून सांगून टाका, असं वहिनी म्हणाली.

"हो म्हटलं तरी फुटलं, नाही म्हटलं तरी फुटलं," अण्णा म्हणाला. "मला तोंडच उघडता येत नाही."

मग वहिनीनंच शक्कल लढवली. आम्ही दोघी टांगा करून भर दुपारी बाजारात गेलो आणि मीठ, साबण, काड्यापेट्या, छत्र्या, खराटे, दिसेल ते उचललं. प्रत्येक दुकानात वहिनी मोठ्यानं म्हणायची, अजून स्वल्प घाला. अक्का पिशवी घेऊन मागोमाग. खराट्यांपाशी त्यांनी हात टेकले. सगळ्यावरच कर बसणार असेल तर सरी, ठीक आहे, म्हणाल्या, आणि घरी गेल्या. एकट्या कॉफीची कुजबुज तिथेच विरली. परतताना हसून हसून आमची पोटं दुखली.

अंदाजपत्रकाच्या दिवशी मी विधानसौधच्या गॅलरीत नखं खात बसले होते. अण्णानं सिनेमाच्या तिकिटांवरचा कर वाढवला. कॉफीचं नावही निघालं नाही. फुटल्याबिटल्याची गोष्ट कुणी काढली नाही.

घरी वहिनीनं त्याच्यापुढे वाफाळती कॉफी ठेवली. "बघा, तुमची खुर्ची मी वाचवली."

अण्णानं सावकाश घोट घेतला. "कर कॉफीवरच होता गं. तुझं पोतं आलं, म्हणून तो सिनेमावर टाकावा लागला."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आमचे शनिवार गेले होते, आणि आम्हाला हसू आवरत नव्हतं.