वाट मोकळी असेल त्या दिवशी फवारणी

"मॅडम जी, दवाई नकली है." बलबीरसिंगांनी ओलं फडकं माझ्या टेबलावर सोडलं. आत सोयाबीनची पानं. त्यांवर राखाडी गोल ठिपके, भोवती लालसर कडा. बुरशीचा रोग.

पंजाबातले दहशतवादाचे दिवस होते. माझे यजमान हवाई दलात, बदलीवर चंदीगडला आलेले. मी तिथे शेतीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये पिकांचे रोग तपासत असे. बलबीरसिंग जवळच्या खरड गावापलीकडचे शेतकरी. त्यांचं सोयाबीन बियाण्यासाठी राखलेलं होतं, त्यावर आमचंच औषध फवारलेलं. पुढच्या हंगामात सगळं गाव तेच पेरणार होतं.

आमचे मॅनेजर ग्रोव्हरसाहेब पानांकडे न बघताच म्हणाले, "सरदारजी, पानी ज़्यादा डाला होगा."

"डबल डोज़ मारी है, साब."

"फिर स्प्रे ठीक से नहीं हुआ."

औषध कधी चुकत नाही, चुकतो तो शेतकरी, ही आमच्या धंद्यातली रीत. मला तिचा संताप येई.

मी पानांवरची बुरशी दोन काचेच्या थाळ्यांत वाढवली. एकीत नुसतं खाद्य, दुसरीत खाद्यात लॅबमधलं आमचं अस्सल बुरशीनाशक. औषध लागू पडलं तर दुसरी थाळी कोरी राहते. आठवड्याने दोन्ही सारख्याच भरल्या. याला रेझिस्टन्स म्हणतात. औषधाला न जुमानणारी बुरशी तेवढी मागे उरते आणि तीच फोफावते. मग डबल डोस म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बलबीरसिंग पुन्हा आले तेव्हा विचारलं, "स्प्रे कब-कब करते हैं?"

"जदों मौका मिले, जी."

कधी बंद, कधी गावाला पोलिसांचा वेढा. शेतात पुन्हा कधी जाता येईल, भरवसा नाही. म्हणून वाट मोकळी दिसली की गाव पाठीला पंप लावी. ठिपका असो वा नसो. तीन वर्षं, तेच एक औषध. आळशी माणसाच्या शेतात हे झालं नसतं.

दुसऱ्या तऱ्हेने काम करणारं एक जुनं औषध होतं, पण दुसऱ्या कंपनीचं. ग्रोव्हरसाहेब डोळे वटारून बघत असताना मी त्याचं नाव सांगितलं. बलबीरसिंग चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या दुकानात पोचले तर शटर खाली. कुठेतरी गोळीबार झाला होता, बंद पुकारला होता. तो लांबला.

नंतर ते आले ते शेंगा घेऊन. दाण्यांवरही डाग उतरले होते.

"बीज तो चल जाएगा ना?"

"नहीं, सरदारजी. ही बुरशी दाण्यातून जाते," मी मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत सांगितलं, "किसी को मत दीजिए. बीमारी पूरे गाँव में जाएगी."

ते शेंगा चिवडू लागले. "सारे पिंड नूं एह गल्ल मैं ही दस्सां?"

साऱ्या गावाला ही गोष्ट त्यांनाच सांगावी लागणार होती. चहासुद्धा न घेता ते उठले.

पुढच्या वर्षी त्या गावात सोयाबीनऐवजी भात लागला; त्यांनी सांगितलं होतं. आमच्या पाकिटावर डोस ठळक छापलेला असे. थांबायचं कधी, हे मात्र कुठेच छापलेलं नव्हतं.