सतरा नंबरचा शिक्का

लढाईच्या दिवसांत मी एका भल्या माणसाला देशद्रोही ठरवलं, तेही तिळगुळाच्या ताटासकट. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. देशभक्ती नवी कोरी, घडीसुद्धा न मोडलेली. आणि ती नेसून मिरवायला जबलपूरच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरांखेरीज जागा नव्हती.

शेजारचे भाऊजी तोफगोळे तपासायचे. पास झालेल्या पेटीवर त्यांचा सतरा नंबरचा शिक्का बसे. लढाई लागली, वरून घाई सुरू झाली, आणि हे गृहस्थ साहेबाला तोंडावर म्हणाले, "लढाई आहे म्हणून कच्चा गोळा पक्का होत नाही." पेट्या अडल्या. माझा धाकटा भाऊ सीमेवर तोफखान्यात. रिकाम्या तोफेपाशी हात चोळत बसलेला तो मला पोळ्या लाटतानाही दिसायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कुंकवाचा करंडा भाऊजींच्या बायकोच्या कपाळासमोरून तसाच पुढे नेला. वहिनींनी पुढे केलेलं कपाळ तिथंच राहिलं.

"काहून गं?"

"पगार इथला खातात अन् काम दुश्मनाचं करून राहिले तुमचे हे. तिळगूळ पण तिकडूनच मागवा!"

बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तेवढ्यावर कुठली थांबते! 'गद्दाराला हटवा' असा अर्ज लिहून घरोघर सह्या घेतल्या. हल्ली हे काम मोबाइलवर बसल्या जागी होतं. मला बिचारीला चपला झिजवाव्या लागल्या. आठवड्याभरात भाऊजींना तपासणीवरून काढून भंगाराच्या गोदामात बसवलं. पोरं त्यांच्या दाराशी "गद्दार, गद्दार" ओरडून पळायची. त्या पोरांना मी उरलेला तिळगूळ वाटला.

महिन्याभरानं भाऊ गोळ्यांच्या पेट्या न्यायला जबलपूरला आला. दीक्षितपुऱ्यात, माहेरी, त्याला जेवायला वाढता वाढता मी माझा पराक्रमही वाढला. त्याचा घास हातातच राहिला.

"सतरा नंबरवाले? ताई, त्या पेटीसाठी आमच्यात भांडणं होतात. दुसऱ्या कोणाचा गोळा भरताना आम्ही आधी देवाचं नाव घेतो, न जाणो तोफेतच फुटला तर!"

मी तशीच उठले, घरी येऊन करंडा घेतला आणि वहिनींचं दार गाठलं. रडले, भावाचं बोलणं सांगितलं, पाया पडले, सगळा तमाशा यथासांग केला. वहिनींनी कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं, पदरानं नाकावर सांडलेलं पुसलं. मग म्हणाल्या,

"चलो, झालं तुझ्या मनासारखं. आता सांग, भाऊ परत कधी जाऊन राहिला? या वेळच्या पेट्यांवर शिक्का दुसऱ्याचा आहे, म्हणून विचारलं."