उपरण्याखालचा सौदा

सगळ्या वऱ्हाडात उघड्या हाताने एकही व्यवहार न केलेला माणूस एकच झाला आणि तो माझा मेव्हणा होता. मी शाळेत फार दिवस बसलो नाही, त्यामुळे लिहिण्यात चूक झाली असेल तर असो, पण या बोलण्यात चूक नाही.

तो अमरावतीच्या बाजारात कापसाचा दलाल होता. दलालाची रीत अशी की भाव तोंडाने बोलायचा नाही. विकणाऱ्याच्या आणि आपल्या हातावर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून काय ते ठरवायचं. चार लोक पाहत उभे राहतात, पण कळत कोणालाच नाही. बाकीचे दलाल संध्याकाळी उपरणं झटकून खांद्यावर टाकत आणि माणसासारखे घरी जात. हा घरीही दलालच असे. पंगतीत वाढप्याने ‘आणखी भाकर?’ विचारलं की हा उपरण्याखालून हात पुढे करी, आणि वाढपी नवखा असला की घाबरून मागे सरे. एकदा तर त्याने देवळात मारुतीच्या पायावर उपरण्याचं टोक टाकून नवस ठरवला. पुजाऱ्याने विचारलं, काय बोललास रे? म्हणाला, “महाराज, दोघाइतली गोष्ट हाय. तिसऱ्यानं इचारू नये.” कापूस पारखताना ओढतात तसा जे दिसेल त्याचा धागा ओढून पाहायचीही त्याला खोड होती. गोधडी, दिव्याची वात, एकदा माझी मिशीसुद्धा. मिशी चिमटीत धरून म्हणाला, “भाटवे, लांबी बरी हाय, पण माल जाडा.” बहिणीचा नवरा म्हणून मला तो भाटवे म्हणे. दुसऱ्या कोणी मिशीला हात लावला असता तर त्याचा हात त्याच्याजवळ राहिला नसता.

ते दिवसही तसेच होते. दूर कुठे गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. भातकुलीकडच्या आमच्या गावात ज्याच्या त्याच्या डोक्यावर नवं पागोटं दिसू लागलं. ज्वारीची भाकर गड्यांची झाली, आमच्या घरी गहू आला, खवा आला, पेढे आले. माझा गोविंदा तेव्हा तीन वर्षांचा. गावातली पोरं त्या वयात करदोड्यावर हिंडायची. मी मात्र त्याला जरीचा चोळणा शिवला, कमरेला नाडी, नाडीला गोंडे. चोळणा उत्तम होता, हे मी आजही म्हणतो.

पण नाडी वेळेवर सुटेना, पोरगं त्यात दोनदा घाण झालं, आणि माझ्या मायने त्याला असं फैलावर घेतलं की त्याने परसाकडे जाणंच सोडलं. शी आली की धान्याच्या कोठीमागे जाऊन उभा राही. टाचा उचललेल्या, पाय आवळलेले, तोंड लाल. एकदा कोरडा खडा निघाला, त्याने जखम झाली, आणि मग तर त्याने जन्माची शपथ घेतल्यासारखं धरून ठेवलं. पोट नगाऱ्यासारखं झालं. जेवेना, निजेना, हात लावला की किंचाळे. वैद्याचं झालं, एरंडेल झालं, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. घरची चुलीपाशी तोंड लपवून रडे. पोर हातचं जातं की काय, असं मलाही वाटू लागलं होतं.

अशात मेव्हणा आला. अंगणात गोविंदाला बसवलेलं. एका बाजूला माय एरंडेलाची वाटी घेऊन, एका बाजूला घरची खुळखुळा घेऊन, समोर मी पेढा घेऊन, आणि मागे शेजारच्या दोन बाया नुसत्या पाहायला. मेव्हणा दारातच थांबला.

“काय करून राह्यले तुमी?”

“दिसत नाही काय?” मी म्हटलं.

“दिसते ना. एका बैलबंडीभोवती इतके गिऱ्हाईक जमल्यावर कोणता कास्तकार माल सोडन, भाटवे? त्याले वाटते, भाव आणखी चढते.”

सगळ्यांना त्याने घरात पिटाळलं. गोविंदाचा चोळणा उतरवून खुंटीला टांगला.

“जरीचा हाय तो,” मी म्हटलं.

“मंग तुमीच घाला.”

मायला म्हणाला, “आत्याबाई, अडून बसलेल्याले मागत नसतात. त्याच्या बैलाले पाणी पाजा, सावलीत बसवा, अन् आपण दुसरीकडं पाहा. पयले माल नरम झाला पायजे. दुखते म्हून धरते ना लेकरू.” खवा-पेढे बंद झाले. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पातळ ताक आणि भिजवलेल्या मनुका सुरू झाल्या. गड्यांचं जेवण माझ्या पोराला, हे मला मुळीच पटलं नव्हतं.

मग त्याने परसात लिंबाखाली पोराच्या पायाला बेताच्या दोन विटा मांडल्या. जेवण झालं की उपरण्याखाली दोघांचा काहीतरी सौदा होई, गोविंदा खुदकन हसे, आणि मामा-भाचे निघत. भाचा विटांवर, मामा त्याच्याकडे पाठ करून बसलेला, तोंडाने बाजाराच्या गप्पा. कोणाचा बैल अडला, कोणाच्या गाठीत सरकी निघाली. काही झालं नाही तर “आज बाजार बंद” म्हणून तो उठे. ना राग, ना उसासा. तिकडे अमरावतीत त्याचे आसामी दुसऱ्या दलालाकडे जात होते, भर हंगाम होता. मी बोलून दाखवलं तर म्हणाला, “इथला सौदा मोठा हाय.”

एका दुपारी मी गोठ्याच्या भिंतीआड उभा होतो. पाळतीवर नव्हे, सहज. गोविंदाचा आवाज आला, “मामा, माल आला.”

मेव्हणा वळला नाही. “कसा हाय?”

“नरम.”

“दुखलं काय?”

“नाई.”

“बरं. माती टाक अन् चाल.”

माय आरती घेऊन धावली, मी पेढ्यांना गडी धाडत होतो. मेव्हण्याने दोघांना अडवलं. “गाजावाजा कराल तर उद्या पुन्हा भाव चढन. रोजचं काम हाय, रोजच्यासारखं होऊ द्या.” पुढच्या दसऱ्याला मी एकवार चोळणा चढवून पाहिला. पोरगं सरळ कोठीमागे गेलं. चोळणा पुन्हा खुंटीवर गेला.

पुढे लढाई मिटली, भाव उतरले, पागोटी विटली आणि आम्हीही मुकाट्याने ज्वारीवर आलो. गोविंदा मोठा होऊन अकोल्याला दलाली करू लागला. मेव्हणा शेवटी आमच्याकडेच होता. पाय गेले, तसा तो जेवणच टाकू लागला. जेवलं की परसाकडे जाणं आलं, जाणं आलं की कोणाचा तरी हात धरणं आलं, आणि ती लाज त्याला सोसवेना. आम्ही भोवती उभे राहून ‘खा, खा’ म्हणत होतो.

गोविंदा अकोल्याहून आला, दारातच थांबला आणि आम्हाला म्हणाला, “तुमी सगळे आत जा.” मामाच्या हातावर त्याने उपरणं टाकलं. बराच वेळ बोटं चालली. म्हातारा हसला. मग त्याने मामाला दोन घास भरवले, पाठंगुळी घेऊन लिंबाखाली नेलं, आणि स्वतः पाठ फिरवून अकोल्याच्या बाजाराच्या गप्पा सांगत बसला. मामा गेला तोवर रोज तसंच.

काय ठरलं होतं, मी विचारलं. म्हणाला, “बा, तिसऱ्यानं इचारू नये.”

उपरणं आता खुंटीवर असतं, चोळण्याच्या शेजारी. परवा घरात कोणी नव्हतं, तर मी ते काढून हातावर टाकलं आणि आत दोन बोटं दाबून पाहिली. पलीकडे हात नव्हता. काय भाव लावला, ते मी सांगणार नाही.