सूर्य मावळायच्या आत हर्णे

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तरीसुद्धा गेल्या डिसेंबरात मी तीन कुत्र्यांबरोबर मासळीच्या गाडीत बसून सव्वादोनशे किलोमीटर गेले, ते केवळ लक्ष्मीमुळे.

लक्ष्मी भाईंदर पश्चिमेच्या समुद्राकडच्या डोंगरी गावची कोळीण. गेली पंधरा वर्षं ती आपली व्हॅन घेऊन भाईंदर पूर्वेला, केबिन रोडजवळच्या आमच्या गल्लीत येते, मागचं दार वर उचलते आणि दोन तासांत सगळी मासळी संपवून जाते. घासाघीस करणाऱ्याकडे ती अशी काही बघते की माणूस मुकाट्याने पिशवी पुढे करतो. मी शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं क्लार्क होते, भल्याभल्या पालकांची बोलती बंद केली आहे. पण लक्ष्मीसमोर पापलेट उलटंपालटं करून बघायची माझी अजून हिंमत होत नाही.

तिचा नवरा जयकुमार मच्छीमार बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. हर्णे, रत्नागिरी, मालवण, कारवार, पार खाली कोचीपर्यंत सगळा किनारा त्याने पाण्यावरून पाहिलेला. घरी आला की जेवता जेवता एकेका बंदराचं वर्णन करायचा. तीन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. मागे राहिली त्याची तीन कुत्री : काळा म्हातारा हलवा, काटकुळा बोंबील आणि हातभर लांबीची मांदेली. कोळ्यांच्या घरात कुत्र्यांना टॉमी-मोती कोण म्हणणार?

त्या डिसेंबरच्या आधीच्या दिवाळीत लक्ष्मीने मुलाला सांगितलं, "तुजा बा किनारा पान्यावरून बघून आला. मी जमिनीवरून बघनार. कन्याकुमारीपर्यंत. कुत्र्यांना घेऊन."

मुलगा प्रणित विमा कंपनीत आहे, आमच्याच गल्लीत राहतो. त्याने कपाळावर हात मारला. साठीला आलेली आई एकटी, गाडी जुनी, वर तीन कुत्री! पण लक्ष्मी एकदा हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाचंही चालत नाही. शेवटी त्याने अट घातली. पहिल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हर्णे बंदर गाठायचं. जमलं तर पुढे जा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी परत. मग गाडी विकायची आणि कुत्री वाड्याला एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर सोडायची. गाडी त्याच्याच नावावर होती, गिऱ्हाईकही तयार होतं.

"शैलाकाकू, तुम्ही तेवढं हर्ण्यापर्यंत सोबत जा," तो मला म्हणाला. "दुसऱ्या दिवशी एसटीने या. आणि संध्याकाळी फोन करून मला खरं काय ते सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय."

माझं हे असं नाव झालेलं आहे. त्याचा फायदा मला आजवर कधी झालेला नाही.

ठरल्याप्रमाणे पहाटे सहाला मी डोंगरीला हजर. गाडी बघून ओळखूच येईना. लक्ष्मीने तीन दिवस खपून ती आतून-बाहेरून घासली होती. सोडा, लिंबू, शेवटी दोन बाटल्या फिनेल. पंधरा वर्षांचा मासळीचा वास समूळ गेला होता. "ताई, तुमच्यासाठी केलं हो," ती कौतुकाने म्हणाली. मला भरून आलं.

आणि तिथेच घोडं अडलं. कुत्री गाडीत चढेनात! एरवी या गाडीचं इंजिन थंड व्हायच्या आत तिघं आत घुसायची. आज बोंबीलने दारातून नाक आत घातलं आणि फटका बसल्यासारखा मागे पळाला. मांदेली माडाच्या बुंध्यामागे जाऊन बसली. हलवा तर रस्त्यावरच आडवा झाला. बिस्किटं दाखवून झाली, चुचकारून झालं, शिव्या देऊन झाल्या. हलव्याला उचलायला गेलो तर तो गुरगुरला. जन्मात पहिल्यांदा, असं लक्ष्मी म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. ही त्यांची गाडीच नव्हती ना! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आठ वाजले. साडेआठ वाजले. मी घड्याळ बघत होते आणि लक्ष्मी माझ्याकडे बघत होती. मग ती तडक घरात गेली आणि सुक्या जवळ्याची भरलेली टोपली आणि मासळीचं पाणी प्यालेली दोन जुनी गोणपाटं घेऊन आली. गोणपाटं तिने सीटवर पसरली, टोपली बरोबर मी बसणार तिथे पायाशी ठेवली, आणि काचा बंद करून गाडी दहा मिनिटं उन्हात तशीच ठेवली. दार उघडलं तेव्हा तो वास असा काही अंगावर आला की माझे डोळे चुरचुरले. कुत्री मात्र लग्नाच्या पंगतीला धावावं तशी आत गेली.

सव्वानऊला आम्ही निघालो. तीन तास उशिरा.

रोज डोंगरी ते केबिन रोड आणि परत, एवढंच तिचं गाडी चालवणं. पाचवा गिअर तिने आयुष्यात टाकलेला नव्हता. केबिन रोडवर दुसराच नशिबाने पडतो. पनवेल सोडल्यावर रस्ता मोकळा झाला तेव्हा तिने दात आवळून तो टाकला, आणि गाडी हलकी झाली तशी "आगं बाय!" म्हणून खुदकन हसली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. तिने एकालाही भीक घातली नाही. माझी भीतीही तिथेच गेली. ही बाई चालवू शकते, हे मला तेव्हाच पटलं.

पण दर तासाला ती थांबायची. हलव्याला आता वयामुळे लघवी धरवत नाही. तो उतरायचा, गवत हुंगायचा, चार पावलं जायचा, पुन्हा हुंगायचा. लक्ष्मी शांतपणे त्याच्या मागून चालायची. माणगावच्या पुढे आत वळल्यावर घाटात मांदेली माझ्या साडीवर ओकली, तेव्हा आणखी अर्धा तास गेला. दापोलीच्या अलीकडे पाच वाजले होते आणि हलवा पुन्हा कण्हायला लागला.

"लक्ष्मी, आता थांबू नकोस," मी म्हटलं. "करू दे त्याला गाडीतच. अट हातची जाईल."

तिने गाडी बाजूला घेतली. "म्हातारा हाय तो, ताई. त्याला लाज वाटते गाडीत करायची." आणि खाली उतरून तिने दार उघडलं. मला तिचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली.

हर्ण्याला पोचलो तेव्हा सूर्य बुडून अर्धा तास झाला होता. बंदरावरचा लिलाव संपत आला होता, दिवे लागले होते. लक्ष्मी गाडीतून उतरली आणि वाळूतल्या टोपल्यांकडे, बोटींकडे बघत नुसती उभी राहिली. जयकुमारने सांगितलं होतं तसंच सगळं आहे, एवढंच म्हणाली. कुत्री तिच्या पायाशी घुटमळत होती.

प्रणितचा फोन आलाच. मी फोनवर हात ठेवून तिला हळूच म्हटलं, "मी सांगते, वेळेत पोचलो." तीस वर्षांत मी हजेरीपटावर एक खोटी खूण केली नव्हती, पण त्या क्षणी मी खुशाल बोलले असते.

"नको," लक्ष्मी म्हणाली. "शिळं म्हावरं ताजं म्हनून मी कदी विकलं न्हाय." आणि फोन माझ्या हातातून घेऊन तिने तो स्पीकरवर टाकला.

"उशीर झाला रे. अर्धा तास. हरले मी. पन गाडी परत फिरवनार न्हाय, तू काय बी बोल."

मग प्रणित म्हणाला, "आई, मला अटीचं काही नाही गं. मला भीती वाटते. बाबा असेच गेले, एका रात्रीत. तिकडे एकटीला तुला काही झालं तर..."

लक्ष्मीने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

"मना बी वाटते भीती," ती म्हणाली. "रोज वाटते. म्हनून तर यांना संगती आनलंय."

लिलावातला शेवटचा पुकारा झाला, टोपल्या उचलल्या जाऊ लागल्या. बोंबील तिकडे धावू बघत होता, मी त्याची दोरी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. फोनमध्ये प्रणितने नाक ओढल्याचा आवाज आला.

"उद्या पुढे किती वाजता निघतेयस?" त्याने विचारलं.